सारवलेला नमुना

माझा धंदा काय, हे लोकांना सांगताना माझ्या सासऱ्यांची फार पंचाईत व्हायची. "जावई काय करतात?" असं कोणी विचारलं की "खाणीवर आहेत" म्हणून ते घाईघाईने पीकपाण्यावर यायचे. त्यांचा दोष नाही. मी दगड फोडत नव्हतो, वाहत नव्हतो आणि विकतही नव्हतो. मी दगडांचा नमुना काढत होतो. खाणीच्या डोंगरीवरची माणसं मला नमुनाबाबू म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, आणि ती मला कळत नव्हती अशातला भाग नाही.

काम सांगतो. लोखंडाच्या दगडाचा ढीग घेणाऱ्याला अख्खा तपासता येत नाही. म्हणून ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून टोपली टोपली दगड घ्यायचा, फोडून गोटीएवढा करायचा आणि त्याची धानासारखी रास घालायची. रास वरून दाबून चपटी करायची, फावड्याने तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकून द्यायचे. ठेवलेलं आणखी बारीक फोडायचं, पुन्हा रास, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी एका लहानशा पिशवीत मावेल एवढं पीठ उरतं. त्या पिशवीवर रेल्वेच्या वाघिणीच्या वाघिणी विकल्या जातात. पिशवीत खोट निघाली तर डोंगर सोन्याचा असला तरी कुणी हात लावणार नाही. मी तीस वर्षं अशा पिशव्या शिवल्या आणि त्यातली एकच मला अजून झोपू देत नाही.

आज मोटारीच्या, टीव्हीच्या दुकानात कोरियन घराणी जपानी घराण्यांच्या उरावर बसलेली दिसतात. पोरं मला त्याच्या गोष्टी सांगतात, मी ऐकून घेतो. या दोघांचा एकेक माणूस मी एका ताटलीत चिवडा खाताना पाहिलेला आहे. पन्नासच्या दशकातली गोष्ट, आमच्या चांदा जिल्ह्यात, छोट्या रेल्वेच्या सिंदेवाही स्टेशनाबाहेरच्या बाकावर.

आमची खाण नागपूरच्या एका शेठजींची होती. डोंगरी लहान, पण दगड काळा, जड, नुसता हातात घेतला तरी दमवणारा. त्यावर दोन-अडीचशे माणसं पोट भरत होती, त्यात निम्म्याहून जास्त बाया. शेठजींनी कुठून तरी ओळख काढून एका जपानी व्यापारी घराण्याशी बोलणं लावलं होतं. पहिला ढीग पास झाला तर पुढची कित्येक वर्षं डोंगरीचा माल जपानला जाणार होता. नापास झाला तर शेठजी खाण बंद करणार होते, आणि हे त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं.

धानाची कापणी उरकली तशी जपानची मंडळी आली. साहेबाचं नाव मोरी. साठीच्या आसपासचा, सडपातळ, कपड्यांची घडी न मोडणारा माणूस. त्याचे आजोबाही त्याच घराण्याच्या चाकरीत होते, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. युद्धानंतर अमेरिकनांनी ती जुनी घराणी मोडून त्यांचे तुकडे केले होते. "आता ते तुकडे एकमेकांना शोधून परत जवळ येताहेत," तो म्हणायचा. त्याच्याबरोबर एक तरुण मदतनीस होता, कानेदा. खाणकाम शिकलेला, हिशेबी, हसरा, आणि जेवणात समोर येईल ते खाणारा. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. माझं मॅट्रिकचं इंग्रजी आणि त्याचं जपानहून आलेलं इंग्रजी यांचं फार लवकर जमलं. रोज दुपारी तो माझ्या डब्यात जेवायचा. बायांनी त्याला दुसऱ्याच दिवशी कान्हाबाबू करून टाकलं.

मी त्यांना माझी नमुन्याची जागा दाखवली. या जागेचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. नमुना काढायची जागा स्वच्छ, सपाट पाहिजे, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मी धानवाल्या घरातला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे मळणीचं खळं. म्हणून मी खळं केलं. बायांची मेट सगुणाबाई, म्हणजे त्यांच्या टोळीची प्रमुख, ती दर आठवड्याला तिथे शेणाचा जाड थर देऊन सारवायची. पाहुणे येणार म्हणून त्या वेळी तिने दोनदा सारवलं होतं. हात फिरवला तर खडा लागू नये अशी जागा. मोरीसाहेब म्हणाले, "फार छान." त्यांना ती माती वाटली. मी काही सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या जागेवर आम्ही दोन दिवस खपून नमुना काढला. रास घातली, फावड्याने उलटीपालटी केली, शेवटचा चुरा फड्याने झाडून झाडून गोळा केला, कण वाया जाऊ दिला नाही. पिशवीवर मोरीसाहेबांनी आणि मी सह्या केल्या. पिशवी नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली.

आठ दिवसांनी तार आली. लोह उत्तम, फॉस्फरस मर्यादेच्या बाहेर, माल घेता येणार नाही.

फॉस्फरस म्हणजे शेतकी खात्याचे लोक ज्याला स्फुरद म्हणतात ते. पोलादात ते जास्त गेलं तर पोलाद ठिसूळ होतं, थंडीत तडकतं. हे मला माहीत होतं, पण आमच्या डोंगरीत ते नव्हतं हेही मला माहीत होतं. मी स्वतः वर्षभर थेट डोंगरीवरून फोडलेले तुकडे नागपूरला पाठवून पाहिले होते. शेठजींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "बाबू, दुसऱ्या डोंगराचा दगड मिसळलास का? कोणाकडून काही घेतलंस का?" तोपर्यंत मला आयुष्यात कोणी चोर म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काम बंद. तरी बाया येतच होत्या. टोपल्या घेऊन यायच्या, डोंगरीच्या पायथ्याशी बसायच्या आणि ऊन कलल्यावर परत जायच्या. सगुणाबाई माझ्याकडे आली.

"काऊन बंद करून राह्यले जी काम?"

"दगडात खराबी निघाली, बाई. स्फुरद."

"ते का रायते?"

"खतात रायते ते. शेतात टाकतो ना आपण."

"मंग ते त चांगलंच म्हना ना. धान जोरात येते." ती विचारात पडली. "लोखंडाले काऊन नाई चालत?"

मला हसू आलं, आणि लगेच राग आला. आज कळतं, तिच्या तोंडून उत्तर निघून गेलं होतं आणि मी शिकलेला माणूस ते ऐकून पुढे निघालो होतो.

मोरीसाहेब परतीचा निरोप यायची वाट पाहत डाकबंगल्यात बसले होते. कानेदाला करमेना. त्याने मला विचारलं, "इथे जवळपास तांदळाची गिरणी आहे का?" मला वाटलं, जेवणाची तक्रार असेल. पण त्याला गिरणीच पाहायची होती. मीही घरी तोंड दाखवायला नको म्हणून त्याला घेऊन सकाळच्या गाडीने वडशाला गेलो. स्टेशनाबाहेर धान निघाल्यावर होणाऱ्या नाटकांच्या पाट्यांवर पाट्या लागलेल्या, धानाच्या बैलगाड्यांची रांग. ओळखीच्या एका भाऊंच्या गिरणीत आम्ही शिरलो. कानेदाने पट्ट्यापासून भुश्याच्या ढिगापर्यंत सगळं हात लावून पाहिलं. किती धानाला किती तांदूळ, कणी किती पडते, भुसा कोण नेतो, सगळं विचारलं.

"माझ्या मोठ्या भावाची अशीच गिरणी आहे," तो म्हणाला. "आणि एक लॉरी. लष्कराने टाकून दिलेली."

"जपानात कुठे?"

"जपानात नाही. कोरियात."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. इतके दिवस ज्याला जपानी म्हणून डब्यातला घास दिला, तो जपानी नव्हताच. त्याच्या देशावर जपानचं राज्य होतं, त्या काळात तो जपानात खाणकाम शिकला. मग राज्य गेलं, देशाचे दोन तुकडे झाले, लढाई झाली, गाव जळलं. शिकलेल्या कामाची नोकरी मिळाली ती जपान्यांच्याच पेढीवर. हे सगळं त्याने कणी निवडता निवडता सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं.

"आम्ही चार भाऊ," तो म्हणाला. "आधी तांदूळ. मग साखर. मग कापड, मग लोखंड. प्रत्येक कारखान्यावर एक भाऊ, मग त्याचा मुलगा. शेवटी जहाज."

गिरणीवाल्या भाऊंना मी हे मराठीत सांगितलं तर ते पोट धरून हसले. "एका लॉरीवर? इथी वडशात इतक्या गिरण्या हायेत, कोनी जहाज बांधाले नाई निघाला अजून. सांगा त्याले." मी सांगितलं. कानेदाही हसला. त्याच्या मोरीसाहेबांच्या घराण्याला जगभर कचेऱ्या होत्या आणि हा त्या घराण्याची पिशवी उचलणारा माणूस. मीही हसलो, हे इथे कबूल करतो.

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही गावाबाहेर शेतांकडे चालत गेलो. वाटेला एक बाई खळं सारवत होती. कानेदा थांबला. त्याच्या गावीही मळणीचं अंगण असंच सपाट करतात, पण मातीने, असं तो म्हणाला. मग त्याने पाटीतल्या हिरवट गोळ्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"शेण. गाईचं."

तो खाली बसला. वाळलेल्या भागावर त्याने नख ओढलं. पापुद्रा निघाला, तो बोटांत चुरला आणि त्याची पूड झाली. त्याने माझ्याकडे वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तुमची नमुन्याची जागा," तो म्हणाला, "ती याचीच आहे?"

"हो. दर आठवड्याला."

"आणि हे तुम्ही शेतातही टाकता. कशासाठी?"

"त्यात स्फुरद..." एवढंच मी म्हणालो आणि मला सगळं कळलं. दोन दिवस फावडं ओढून, फडा मारून, कण कण गोळा करून मी डोंगरीच्या दगडात शेण कालवलं होतं. माझ्या स्वच्छतेने खाण बंद पाडली होती. मी मटकन खाली बसलो, आणि ती बाई विचारू लागली, "का झालं जी, चक्कर आली का? पानी देऊ?"

परतीच्या गाडीत कानेदाने मला समजावलं. हे मी मोरीसाहेबांना सांगायचं, पण मला सुचलं म्हणून सांगायचं. "मी घेणाऱ्यांचा माणूस आहे," तो म्हणाला. "नमुन्यातली गोष्ट मी आधी विकणाऱ्याला सांगितली. हे चालत नाही. माझं नाव कुठेही, कधीही घेऊ नका." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्याला त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता, तो मी सांगितला.

मोरीसाहेबांनी माझं सगळं ऐकलं. ते नमुन्याच्या जागेवर गेले, पांढरा रुमाल अंथरून त्यावर गुडघे टेकले, नखाने खरवडलं, वास घेतला. मग उठून त्यांनी हात धुतले, बराच वेळ धुतले. "मी ही जागा पाहिली होती," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं." तो माणूस रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

नमुना पुन्हा काढायचा ठरलं. माझ्या खोलीवरचे पत्रे उतरवून, घासून, त्यावर रास घातली. पत्रे सगुणाबाईनेच घासले. घासता घासता ती रडत होती. "माह्या हातानं झालं जी हे," एवढंच म्हणायची. मी तिला सांगत होतो की बाई, सारवायला मीच सांगितलं. ती ऐकायला तयार नव्हती. पिशवी गेली, आणि पुन्हा ते आठ दिवस. मला अन्न गोड लागत नव्हतं. सगुणाबाईने कामावरच्या बायांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्या रोज येऊन माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि काही न विचारता जायच्या.

तार आली. फॉस्फरस मर्यादेच्या आत, खूप आत. माल मंजूर.

आता इथून पुढचं लिहिणं मी कितीतरी दिवाळ्या टाळलं.

शेठजी नागपूरहून हार, नारळ, पेढे घेऊन आले. आमच्याकडे काही चांगलं झालं की सत्कार झाल्याशिवाय ते झालं असं वाटतच नाही. डोंगरीखाली सतरंज्या टाकल्या, सगळी माणसं जमली. मोरीसाहेबांना हार, कानेदाला हार. मग ज्या शेठजींनी मला चोर ठरवलं होतं त्यांनी माझ्या गळ्यात सगळ्यात मोठा हार घातला आणि म्हणाले, "हा आमचा नमुनाबाबू. याच्या डोक्यानं डोंगरी वाचली. बोल बाबू, दोन शब्द बोल."

लोक टाळ्या वाजवत होते. हाराखाली मान वाकली होती आणि ती शरमेनेही वाकली होती. हे डोकं माझं नव्हतं. दुसऱ्याच्या पानातलं पक्वान्न खातोय असं मला वाटत होतं. आणि मनात आलं, आता निकाल लागला, माल मंजूर झाला, सगळे आनंदात आहेत, आता काय बिघडणार? उलट साहेबाला आपल्या माणसाचं कौतुकच वाटेल. मी माझा हार काढला, कानेदाच्या गळ्यात घातला आणि इंग्रजीत, साहेबाला नीट कळावं म्हणून सावकाश, सांगितलं की ही गोष्ट मला सुचली नाही, ती मला कानेदा यांनी दाखवली, वडशाच्या खळ्यावर. या डोंगरीवरची माणसं कानेदा हे नाव कधी विसरणार नाहीत.

बायांनी कान्हाबाबू, कान्हाबाबू करून टाळ्यांचा कडकडाट केला. मोरीसाहेबांनीही टाळ्या वाजवल्या, मोजून तीन. कानेदा दोन हार गळ्यात घेऊन जमिनीकडे पाहत होता. तेव्हा कुठे मला माझी शपथ आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याला परत पाठवायचं ठरलं. जुन्या घराण्याने काढलेल्या माणसाला तिकडे दुसरं घराणं दारात उभं करत नाही, हे मोरीसाहेबांनीच मला समजावून सांगितलं, मी पाया पडायला गेलो तेव्हा. आवाज चढवला नाही. "तुम्ही खरं बोललात, ते चांगलं केलं," ते म्हणाले. "आता मला माहीत आहे, म्हणून मला हे करावं लागतं." खाणकाम शिकलेला पोरगा, आणि त्याच्या शिक्षणावर माझ्या चार वाक्यांनी पाणी पडलं.

मी स्टेशनावर धावत गेलो. तो पत्र्याच्या पेटीवर बसला होता. मी हात जोडले, माफी मागितली, काय काय बोललो ते आठवत नाही. तो म्हणाला, "साहेबांचं चुकलं नाही. मी त्यांचं मीठ खात होतो."

"मग मला सांगितलंस कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"त्या बाया रोज येऊन बसत होत्या," तो म्हणाला.

सगुणाबाई पोह्यांची पुरचुंडी घेऊन आली होती. ती त्याच्या हातात देऊन म्हणाली, "बाबू, माह्या शेनापायी तुमची नोकरी गेली. माफ करजा." त्याने मला विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, सुखी राहा म्हणते. त्या दिवशी मी खोटं बोलायला शिकलो, एक दिवस उशिरा. गाडी हलताना तो एवढंच म्हणाला, "आता दुसऱ्याच्या घराण्यात नोकरी नाही. भावाकडे जातो."

डोंगरीचा माल पुढे कित्येक वर्षं जपानला गेला. सगुणाबाईची सून त्याच कामावर लागली. मला बढती मिळाली.

गेल्या वर्षी माझा भाचा आला होता. तो एका कोरियन कंपनीत इंजिनिअर आहे. तिकडच्या मोठ्या घराण्यांची माहिती देत होता: एकाने म्हणे तांदळाच्या दुकानापासून सुरुवात केली, एकाने एका लॉरीवर. मग साखर, कापड, पोलाद, जहाजं. प्रत्येक कारखान्यावर घरचाच माणूस. जपानी घराण्यांना त्यांनी त्यांच्याच धंद्यात घाम फोडला. ऐकता ऐकता मी हातातली कपबशी खाली ठेवली. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ही सगळी हकिगत सांगितली. तो चाटच पडला. कागद-पेन घेऊन म्हणाला, "मामाजी, नाव सांगा. मी तिथल्या लोकांना विचारतो. अशी माणसं सापडतात."

"कानेदा," मी म्हणालो.

त्याचं पेन थांबलं. "हे तर जपानी नाव आहे, मामाजी. जपान्यांच्या राज्यात त्यांना अशी नावं घ्यायला लावली होती. हे काही त्याचं नव्हे. त्याचं स्वतःचं नाव काय होतं?"

महिनाभर तो माझ्या डब्यात जेवला. त्याचा देश मला कळला, भावाची गिरणी कळली, जळलेलं गाव कळलं. भरसभेत ज्या नावाने मी त्याची नोकरी घालवली, ते नाव जपान्यांनी त्याला दिलं होतं. त्याचं स्वतःचं मी त्याला कधी विचारलंच नाही.